पडवीतली तुळस

मे महिन्यात चार दिवस गावी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतल्या बाकावर चहा घेऊन बसलो असताना आई आंघोळ करून बाहेर आली. हातात तांब्या, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला. पडवीच्या कडेला, पहिल्या पायरीला अगदी लागून, रंगाच्या रिकाम्या डब्यात एक तुळस आहे. तिला पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं आणि मग डाव्या हाताने खांब धरून आई तशीच उभी राहिली. समोर खाली खळ्यात आमचं जुनं वृंदावन आहे, चुना फासलेलं. त्याच्याकडे बघून तिने नमस्कार केला, पण खांब सोडला नाही. एकच हात छातीशी नेला, मान खाली घातली आणि आत गेली. मी वृंदावनाकडे बघितलं. त्यात तुळस नव्हती. एक वाळका खुंट होता आणि भोवती उन्हाने पिवळं पडलेलं गवत.

मी कप तिथेच ठेवून स्वयंपाकघरात गेलो. ती भाकरी थापत होती. विचारलं, "वृंदावनातली तुळस कधी गेली गं?" म्हणाली, "गेल्या उन्हाळ्यात. रोज पाणी कोण घालणार तिला? म्हणून तर पडवीत लावली." मी म्हटलं, "मला काही बोलली नाहीस." तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "बोलले की. फोनवर सांगितलं होतं, पडवीत तुळस लावली म्हणून." मग भाकरीची कड उलथन्याने सोडवत म्हणाली, "तू म्हणालास, छान."

आवाजात तक्रार नव्हती. काल बाजारात भेंडी चाळीस रुपये पाव होती, हे जसं सांगेल तसंच हे सांगितलं.

मी परत बाहेर आलो आणि पायऱ्यांवर बसलो. तीनच पायऱ्या आहेत. जांभ्याच्या, आजोबांच्या हातच्या. त्या काळच्या माणसांना उंचीचं काही वाटत नसणार, कारण एकेक पायरी पाऊण हाताची आहे आणि मधली एका बाजूने झिजून कलली आहे. धरायला काही नाही. लहानपणी आम्ही त्या एका उडीत उतरायचो. आईने त्यांच्यावरून पाण्याच्या कळशा चढवल्यात, भाताचे भारे चढवलेत, एकदा व्यायला झालेल्या गाईला हाकलत रात्री कंदील घेऊन उतरलीय. या पायऱ्या उतरणं तिला आता जमत नव्हतं, आणि ही गोष्ट तिने मला वर्षापूर्वी सांगितली होती. तिच्या पद्धतीने सांगितली होती. 'पडवीत तुळस लावली' या तीन शब्दांत गुडघे होते, पायऱ्या होत्या, उतरताना एकदा गेलेला तोल होता (तो नंतर कळला), आणि पन्नासेक वर्षं रोज सकाळी घातलेली प्रदक्षिणा बंद पडल्याचं दुःख होतं. मी त्यावर 'छान' म्हणालो. बहुधा तेव्हा लॅपटॉपवर काहीतरी करत असेन, फोन स्पीकरवर असेल.

आणि ती काही एकच बातमी नव्हती. तिथे बसल्या बसल्या मला एकेक आठवायला लागलं. कपडे वाळत घालायची दोरी पडवीत बांधून घेतली, हे तिने सांगितलं होतं. यंदा परसात भेंडी-मिरची काही लावली नाही, माकडं ठेवत नाहीत, हेही सांगितलं होतं. माकडं खरंच ठेवत नाहीत, त्यामुळे माझा लगेच विश्वास बसला. पण माकडं काय आज आली? ती तर दहा-बारा वर्षं येतायत, आणि तरी ही दरवर्षी लावत होती. तुळशीचं लग्न यंदा पडवीतच केलं, खळं ओलं होतं. हे तर मी व्हिडिओ कॉलवर बघितलं होतं. ऊस उभे केलेले, चिंचा-आवळे मांडलेले, पणत्या लावलेल्या, काकूंच्या नाती फ्रॉक घालून मिरवत होत्या. मी म्हणालो, "वा, पडवीत किती छान दिसतंय." गणपतीला गेलो होतो तेव्हा घर माणसांनी भरलेलं. त्या रंगाच्या डब्याला वळसा घालून मी दिवसातून वीस वेळा ये-जा केली असेल. सगळ्या बातम्या माझ्यापर्यंत पोचल्या होत्या. त्यांच्या मधली माझी आई तेवढी पोचली नव्हती.

आमचा फोन संध्याकाळी होतो, दिवेलागण झाली की. तिचं देवापाशी निरांजन लावून झालेलं असतं. आमच्या घरात रेंज फक्त पडवीतल्या कोपऱ्यातल्या खांबापाशी येते, म्हणून ती तिथे पाट टाकून बसते. मला तिच्या आवाजामागचं सगळं ऐकू येतं. पावसाळ्यात पागोळ्या, बेडूक. थंडीत काहीच नाही, लांब कुठेतरी कुत्रं. आठ-सव्वाआठला वस्तीची एस.टी. वळणावर येते, तिचा घरघराट. तिचा बातम्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी हवा: ऊन, मळभ, वारा कुठून. मग झाडं: कुठल्या आंब्याला मोहर आला, कुठला गळाला, रातांबे किती. मग गुरं, मांजर, कोंबड्या, आमच्या नसल्या तरी काकूंच्या. मग माणसं, आणि माणसांत पुन्हा क्रम: वाडीतली, गावातली, सासरची, माहेरची, मुंबईची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाचा मुलगा आला आणि आईबापाला न भेटताच सासुरवाडीला उतरला. सर्वात शेवटी स्वतः, ते एका वाक्यात. "मी बरी आहे." मी वर्षानुवर्षं हे ऐकत आलो आणि मनात कुठेतरी त्या शेवटच्या वाक्याची वाट बघत राहिलो, कारण माझ्या लेखी बातमी तीच होती. ते कानावर पडलं की जीव भांड्यात पडायचा आणि फोन ठेवायची घाई व्हायची.

तिने हे सांगणं कुठून शिकून घेतलं, ते मात्र मला त्या मे महिन्यातच कळलं. म्हणजे तुकडे माहीत होते, जोडून कधी बघितले नव्हते.

आमचे बाबा गिरणीत होते. लालबागला गावकीची खोली होती, तीत आमच्या पंचक्रोशीतले वीस-बावीस पुरुष पाळ्यांप्रमाणे झोपायचे. खानावळीत जेवायचे आणि महिन्याला मनीऑर्डर पाठवायचे. रत्नागिरी जिल्ह्याला मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा म्हणत, ते आमच्या वाडीकडे बघून म्हटलं असावं इतकं खरं होतं. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी एक चिठोरी असायची. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, अंगठा किंवा सही घ्यायचा आणि ती चिठोरी फाडून द्यायचा. 'पैसे पाठवले आहेत. भाताचे बघणे. काळजी घेणे.' वाडीतल्या बायकांना नवऱ्याचं हस्ताक्षर म्हणून तेवढंच बघायला मिळायचं, आणि तेही पुष्कळदा खोलीतल्या दुसऱ्याच कुणाचं असायचं.

आई सातवी फायनल झालेली. वाडीत लग्न होऊन आली तेव्हा लिहिता येणाऱ्या बायका दोन की तीन. त्यामुळे दुपारी भांडी घासून झाली की आमच्या ओटीवर बायका जमायच्या, कार्डं घेऊन. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड. आई वर 'श्री' काढायची, 'सा. न. वि. वि.' घालायची, 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवणे' लिहायची आणि मग विचारायची, "हां, काय लिहू?" हे मला अंधुक आठवतं. मी तिच्या पाठीला टेकून बसलेला असायचो, शाईच्या दौतीचा वास यायचा. बायका सांगायच्या आणि मध्येच थांबून म्हणायच्या, "हे नको लिहूस." जे 'नको लिहूस' ते सगळं आईच्या पोटात राहिलं. वाडीतल्या प्रत्येक घरातलं, किती वर्षांचं.

कार्ड उघडं. पोस्टमन वाचणार, खोलीवर पोचलं की ज्याच्या हाती लागेल तो मोठ्याने वाचणार, वीस माणसांसमोर. नवऱ्याशी बोलायचं ते असं, चारचौघांत. त्यातून कार्ड जायला पाच-सहा दिवस, उत्तर यायला तेवढेच. इथे पोराला ताप आला आणि तसं लिहिलं, तर तिथला माणूस सहा दिवसांनी ते वाचून करणार काय? रजा मिळायची नाही, गाडीभाड्याला पैसे नाहीत, रात्रपाळीला साच्यावर उभं राहून नुसता जीव टांगणीला. म्हणून बायकांनी बातमी सांगायची एक रीत बसवून घेतली होती. वाईट जे काही असेल ते भूतकाळात सांगायचं. 'मध्ये बरे नव्हते, आता बरे आहे.' 'गाय आजारी होती, आता चरते.' 'घर थोडे गळत होते, शाकारून घेतले.'

भाकरी झाल्यावर आई हे सगळं सांगत होती, कारण मी पहिल्यांदाच विचारत होतो. म्हणाली, एकदा खालच्या घरातली एक जाऊ आली होती, मांडीवर दोन वर्षांचा पोरगा. तो तापाने फणफणलेला, डोळे उघडत नव्हता. त्याच्या कपाळावर ओला फडका ठेवून ती आईला म्हणाली, लिही, पोरगा तापाने होता, आता खेळतो.

"आणि तू लिहिलंस?"

"लिहिलं."

"खोटं?"

"खोटं कसं? कार्ड पोचेपर्यंत खेळायला लागणारच होता."

लागलाही. तो आता पन्नाशीला आलाय, गुहागर स्टँडवर त्याची रिक्षा आहे. मी विचारलं, अशी लिहिलेली सगळी पोरं उठली का? आई जरा वेळ काही बोलली नाही. ताटलीतल्या भाकरीवर फडकं घातलं, चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "एकीचं कार्ड पुन्हा लिहावं लागलं," ती म्हणाली. "त्याच्यावर श्री घातला नाही." ज्यांना ही चाल ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. श्री नसलेलं कार्ड हातात पडलं की माणूस ते उंबऱ्याबाहेरच वाचायचा आणि फाडून टाकायचा, घरात आणायचा नाही. लालबागच्या त्या खोलीत ते कार्ड कुणी वाचून दाखवलं असेल, त्या बापाने काय केलं असेल, हे आईला तेव्हाही कळलं नाही. उत्तर आलं नाही, पुढच्या महिन्याची मनीऑर्डर तेवढी आली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर. मिटला असं त्याचं कुणी जाहीर केलं नाही आणि आमचे बाबाही पुन्हा गिरणीत गेले नाहीत. ते वळकटी घेऊन घरी आले आणि शेतीला लागले. वाडीतली कार्डं हळूहळू कमी झाली. पण आईच्या बोलण्यातला तो भूतकाळ गेला नाही. बाबांसाठी शिकलेली रीत तिने पुढे माझ्यासाठी वापरली.

मी पुण्याला शिकायला आलो ते ९३ साली. तिची आंतरदेशीय पत्रं यायची. निळ्या कागदावर तिचं उभट, एकमेकांना चिकटलेलं अक्षर. तीन बाजू भरल्या की ती घडीच्या पट्टीवर लिहायची, ती भरली की समासात उभ्या ओळी. पत्र हातात गोल फिरवत वाचावं लागायचं. मी ती सगळी ठेवलीत, बुटाच्या खोक्यात. मे महिन्यातून परत आल्यावर एका रविवारी खोकं काढलं. ९५ च्या ऑगस्टमधलं एक पत्र. लावणी झाली, पाऊस बरा, तांबूला पाडी झाली, पाडीच्या कपाळावर चांद आहे, तिचं नाव काय ठेवू ते कळव. दळप जवळच्या गिरणीतली मोटार जळाली म्हणून लांबून आणावं लागतं. आणि मग समासात, उभ्या ओळीत: 'मध्ये आठ दिवस मला बरे नव्हते, आता बरी आहे.' त्या आठ दिवसांत तिला विषमज्वर झाला होता. तालुक्याच्या दवाखान्यात सलाइनवर होती, आणि पहिले तीन दिवस डॉक्टरने बाबांना काही सांगता येत नाही म्हटलं होतं. हे मला काकूने सांगितलं, पंधरा वर्षांनी, बाबांच्या दिवसांना सगळे जमले होते तेव्हा. मी त्या पत्राला उत्तर काय लिहिलं होतं ते मला आठवतंय. पाडीचं नाव चांदी ठेव, असं लिहिलं होतं आणि ड्रॉइंगच्या सामानाला दोनशे रुपये मागितले होते.

पैसे आले. पाडीचं नाव चांदीच ठेवलं.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हाही हेच. टीव्हीवर एस.टी. स्टँड पाण्याखाली, पाण्यावर बसांची नुसती छपरं. आमचं गाव तिथून चाळीसेक किलोमीटरवर, उंचावर. पाणी येणार नाही हे डोक्याला कळत होतं. पण फोन लागेना. तो दिवस गेला, दुसरा गेला. मी दर दहा मिनिटांनी नंबर फिरवत होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लागला आणि पलीकडून आई, नेहमीच्या आवाजात: "पाऊस उघडलाय आज जरा. काकडीचा वेल पार झोपला होता, बांधून घेतला. मांजरीला तीन पिल्लं झालीत, एक काळं आहे." माझा संताप झाला. मी ओरडलोच असेन. ती शांतपणे म्हणाली, "अरे, लाइट नाही, एवढंच." आणि मग, जाता जाता, "चिपळूणला मामाकडे सगळी माळ्यावर बसली होती रात्रभर, आठ माणसं, पोरं धरून. आता उतरली." होती, आता उतरली. मामाच्या घरात छातीइतका चिखल भरला होता आणि पुढे महिनाभर तो उपसणं चालू होतं. पण आईच्या बातमीत माणसं उतरली होती, म्हणजे विषय संपला.

तेव्हा मला वाटायचं, ही लपवते. आता तसं म्हणवत नाही. लपवणारा माणूस सांगत नाही. ही सांगते, प्रत्येक गोष्ट सांगते, तारीखवार सांगते. फक्त ऐकणाऱ्याला झेपेल अशी करून सांगते आणि पुढचं त्याच्यावर सोडते. त्याने 'का गं?' म्हटलं तर ती सांगणार. त्याने 'छान' म्हटलं तर तिथेच राहणार.

माझ्याकडून तिला काय जात होतं, याचाही विचार मला करावाच लागला. तिच्या चाळीस मिनिटांच्या बोलण्यावर माझं काय, तर "ठीक चाललंय", "काम आहे", "जेवलो". दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. चार महिने घरी होतो. तिला सांगितलं नाही. म्हटलं, या वयात तिला कशाला. "हल्ली कामं घरूनच असतात," असं एकदा म्हणालो आणि सुटलो. त्याच सुमारास गावचा एक मुलगा पुण्याला गाडी घेऊन आला. त्याच्या डिकीतून अर्ध्या पोत्याच्या वर तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, सुके बांगडे, पापड आणि गोडा मसाल्याची मोठी बरणी असं सगळं उतरलं. दिवस जानेवारीचे. तांदूळ ती दिवाळीनंतर एकदाच पाठवते आणि तो त्या वर्षीचा पाठवून झाला होता. मी फोनवर म्हणालो, "एवढं कशाला?" ती म्हणाली, "घरात पडून होतं." माझी बायको तेव्हा मला म्हणाली होती, आईंना कळलंय. मी म्हटलं, कसं कळेल?

मे महिन्यात तेही विचारलं. आई हसली. "तू दुपारी फोन करायला लागला होतास," म्हणाली. "बारा-साडेबारालासुद्धा. आणि कुणी हाक मारत नव्हतं मागून. पहिलं तू बोलत असलास की मागून सारखी माणसं बोलायची." एवढ्यावरून तिने ओळखलं होतं. विचारलं नाही, कारण मी सांगितलं नव्हतं. तांदूळ पाठवले. चार महिने रोज संध्याकाळी मला आंब्याचा मोहर आणि कोंबड्यांची अंडी सांगत राहिली, आणि त्या चार महिन्यांत तिचे फोन लांबले होते हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. मी तिचं जितकं ऐकलं नव्हतं तितकं तिने माझं न बोललेलं ऐकलं होतं. हे लिहितानाही घसा दाटतो.

परत आल्यापासून मी विचारायला लागलोय. सुरुवातीला फारच. ती म्हणाली, काकूकडून दूध घेते आता, की मी लगेच, का? डेअरीपर्यंत चालवत नाही का? ती म्हणाली, आज खिचडीच केली, की मी, का, उभं राहवत नाही का? आठवडाभर तिने ऐकून घेतलं. मग एक दिवस वैतागली. "अरे, खिचडी खावीशी वाटली म्हणून केली. प्रत्येक गोष्टीला काय का, का?" गप्प बसलो. तिच्या प्रत्येक वाक्याला उलटं करून खाली काय चिकटलंय ते बघत बसलो, तर तिने सांगायचं तरी कशाला? तिला खरंच काळ्या पिल्लाचं कौतुक असतं. मोहराचा वास तिला खरोखर माझ्यापर्यंत पोचवायचा असतो. त्यात गुडघे शोधत बसणं म्हणजे पुन्हा न ऐकणंच झालं. मधलं कुठेतरी थांबायला हवं, ते मला अजून नीट जमलेलं नाही. कधी जास्त विचारतो, कधी सवयीने तोंडातून 'छान' निघून जातं आणि लगेच जीभ चावतो.

एक केलं. मीही सांगायला लागलो. घरासमोरच्या बहाव्याला फुलं आली. आमच्या भाजीवाल्याच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. मुलीने पहिल्यांदा कणीक मळली, सैल झाली, थालीपीठं केली. पहिल्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा पलीकडे शांत झालं. मला वाटलं रेंज गेली. मग ती म्हणाली, "सैल झाली तर पीठ का नाही घातलं वरून?" आणि त्या एका कणकेवर आम्ही दहा मिनिटं बोललो. डबा कुठे ठेवते, पोरीला पीठ सापडलं नाही का, आता किती उंच झाली, फळीवरचा डबा काढायला हात पुरतो का. मला एकेका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं, आणि उत्तर देताना माझंच घर मला दिसायला लागलं. पीठ संपलं होतं, खरं तर. दोन दिवस मी दळण आणायचं विसरलो होतो. पाठीत उसण भरली होती म्हणून. ती म्हणाली, "मग असं सांग की."

पायऱ्यांना कठडा बसवून घेतलाय. लोखंडी, गवंडी गावचाच. मधली पायरी सरळ केली आणि प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये एकेक बसकी पायरी घातली. आता पाच आहेत. बसवल्याच्या दिवशी मी फोनवर विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "दिसतं बरं." एवढंच. आठवडाभर तिने त्याचा विषय काढला नाही, मीही विचारलं नाही. फार कष्टाने विचारलं नाही.

परवा संध्याकाळी नेहमीचा फोन. आधी हवा सांगितली: मळभ आहे, आज-उद्या येईल पाऊस. मग फणसाचं. मग काकूंच्या म्हशीचं. मग म्हणाली, "पडवीतल्या तुळशीला मंजिऱ्या धरल्यात. थोड्या खुडून वृंदावनात टाकल्या. रुजतील आता पावसात."

मी श्वास धरला. "कुणी टाकल्या?"

"मीच."

"किती पायऱ्या उतरलीस?"

"चार." मग जरा थांबून, "चौथीवर बसले. तिथून हात पुरतो, काठीने माती उकरली. ऊन पडलं होतं तिथं सकाळचं, बरं वाटत होतं. बसले मग बराच वेळ."

"दुखलं?"

"दुखलं की. आत्ताही दुखतंय," ती म्हणाली. वर्तमानकाळात. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर आवाज नीट आला नसता. तिच्यामागे लांबवर घरघर ऐकू यायला लागली. वस्तीची गाडी वळणावर आली होती. "थांब हां," आई म्हणाली, "कोण उतरतंय बघते." फोन पाटावर ठेवल्याचा आवाज आला. मग ती उठतानाचं 'आई गं', खांबावर टेकलेला हात, गाडीचा दरवाजा, कुणीतरी कुणालातरी मारलेली हाक. मी फोन कानाला लावून बसून राहिलो. मुलगी आतून जेवायला बोलावत होती. तिला हाताने थांब म्हटलं.

मग पाट सरकला. "कोण आलं?" मी विचारलं.